मामीची जांभळी नावपट्टी

माझा मामा उलटं वाचतो. म्हणजे तसं सरळही वाचतो, पण सरळ वाचताना त्याचे ओठ हलतात आणि ओळीला वेळ लागतो. आरशात दिसतात तशी उलटी अक्षरं समोर आली की मात्र एका नजरेत ओळ खलास. पंचेचाळीस वर्षं रबरी शिक्के कोरल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? शिक्क्यावर अक्षर उलटं कोरलं तरच ते कागदावर सरळ उमटतं. शाळेच्या दाखल्यावरचा गोल शिक्का, दवाखान्याच्या चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं नाव, कचेरीतलं 'मिळाले' आणि 'रद्द', आमच्या गावातलं हे सगळं मामाच्या हातचं. गाव त्याला 'शिक्केवाले' म्हणतं. त्याचं खरं नाव फक्त दुकानावर आणि घराच्या दारावर आहे, आणि दोन्ही पाट्या त्याने स्वतःच केल्यात.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलेला दिवा, एक भिंग, कोरायच्या सात सुऱ्या आणि मागच्या फळीवर लाकडी मुठींची रांग. आता शिक्के करून घ्यायला फारसं कुणी येत नाही. तरी मामा नऊच्या ठोक्याला दार उघडतो, सुऱ्यांना धार लावतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. त्याला कुणी 'आता बंद करा की' म्हटलं, तर तो त्या माणसाला ऐकू न आल्यासारखा बघतो. हट्टीपणा आमच्या घराण्यात आहे. मलाही तो मिळालाय, आणि त्यावर तिखट जीभ फुकट.

दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, मामी विणत बसते. गावातली निम्मी पोरं तिच्या स्वेटरात वाढली. प्रत्येक स्वेटरच्या गळ्यात आतल्या बाजूला ती एक पांढरी कापडी पट्टी शिवते. बोटाच्या पेराएवढी, पूर्ण कोरी. या कोऱ्या पट्टीला कारण आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने मामाला म्हटलं होतं, ''अहो, माझ्या नावाचा एक छोटासा शिक्का करून द्या ना. पट्टीवर मारते. लोकांना कळेल तरी कुणी विणलंय.'' मामा म्हणाला, ''उद्या करतो.'' मामी पट्ट्या आधीच शिवायला लागली, शिक्का आला की मारता येईल म्हणून. मग कधी शाळेचं काम आलं, कधी दवाखान्याचं, कधी निवडणुकीचं. गिऱ्हाईक आधी, घरचं उद्या. त्या उद्याला एकेचाळीस वर्षं झाली. आता गळ्यात कोरी पट्टी दिसली की स्वेटर मामीचा, हे लोकांनीच ठरवून टाकलंय.

आणि मामाने तिला नावाने हाक मारावी, तर तेही नाही. 'अगं' एवढंच. 'अगं चहा', 'अगं माझा चष्मा', 'अगं ऐकलंस का'. लहानपणी बरीच वर्षं मी समजत होते की मामीचं नावच 'अगं' आहे. शाळेत कुटुंबाची माहिती लिहायला सांगितली तेव्हा मी तसं लिहिलंही होतं. बाईंनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं. तेव्हा घरी विचारलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मामीला चांगलं चार अक्षरी, गोड नाव आहे.

तर झालं असं, की यंदा वाचनालयाने घरबसल्या शिकायचे वर्ग सुरू केले. दर शनिवारी अकरा वाजता, व्हिडिओवर. विणकामासाठी ग्रंथपालबाई मामीकडे आल्या. मामी आधी 'छे, मला कुठे जमणार' म्हणाली, मग 'बघते' म्हणाली आणि त्या गेटबाहेर पडायच्या आत 'हो' म्हणून मोकळी झाली. एकतीस जणांनी नावं दिली. मग ग्रंथपालबाईंचा निरोप आला: शिकवणाऱ्या प्रत्येकाने आपली एक नावपट्टी करावी, जरा सजवलेली, व्हिडिओत पाठीमागे दिसेल अशी.

सोमवारी संध्याकाळी मामीने मला विचारलं, ''तू करशील ना गं?''

मी कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत काम करते. ओळखपत्रं, पत्रिका, दुकानांच्या पाट्या, सगळं कॉम्प्युटरवर. नावपट्टी म्हणजे माझं दहा मिनिटांचं काम. मी तोंड उघडणार एवढ्यात मामा म्हणाला, ''ती मी करणार.''

मामीने सुया थांबवल्या. ''उद्या का?''

एवढंच विचारलं तिने, तेही हसत. पण मामाचे कान लाल झाले. तो म्हणाला, ''शनिवारच्या आत. आणि माझ्या हाताने.'' मग माझ्याकडे वळला. ''तू फक्त शिकव. माउसला हात लावायचा नाहीस.''

मंगळवारपासून रोज दुपारी दोन ते चार मामा स्टुडिओत. येताना स्वतःचं भिंग आणि स्वतःची उशी घेऊन यायचा, कारण आमची खुर्ची त्याला 'डुगडुगी' वाटली. माउस त्याने धरला तो सुरी धरतात तसा, तीन बोटांत, अंगठा वर. मी सांगितलं, ''मामा, नुसता तळवा ठेव.'' म्हणाला, ''तळव्याने कुणी अक्षर काढतं का?''

मी त्याला तयार अक्षरांची यादी दाखवली. दोनशेच्या वर वळणं. त्याने ती यादी धान्यातले किडके दाणे बघावेत तशी बघितली. एकाची वेलांटी लंगडी, एकाचा काना वाकडा, एक अक्षर म्हणे दुसऱ्याच्या अंगावर रेललंय. ''मी माझं काढतो,'' म्हणाला. आणि काढलं. सगळा मंगळवार आणि निम्मा बुधवार चार अक्षरांत गेला. चित्र इतकं मोठं करून बघायचा की पडद्यावर नुसते चौकोनी ठिपके दिसायचे, आणि मग एकेक ठिपका घासत बसायचा.

एकावर एक थर ठेवता येतात, हे त्याला लगेच कळलं. ''म्हणजे पारदर्शक कागद,'' म्हणाला. ''एकावर अक्षर, एकावर नक्षी. यात काय शिकायचंय?'' पण केलेलं मागे घेता येतं, हे मात्र त्याला पटेना. मी दोन कळा दाबून त्याचा चुकलेला काना पुसून दाखवला, तर तो माझ्याकडे मी खिसा कापल्यासारखा बघायला लागला.

''चूक गेली कुठे?''

''गेली. झालीच नाही असं समज.''

''अशी कशी जाते? आम्ही एक काना चुकलो की अख्खं रबर फेकायचो.''

''म्हणून तुझा हात इतका सरळ आहे. आमचा या दोन कळांवर चालतो.''

हे त्याला आवडलं. नंतर मी चहा आणायला उठले की तो गुपचूप त्या दोन कळा दाबून बघायचा.

अक्षरांना सावली दिली तर म्हणाला, ''शाई पसरली.'' मी सावली काढली. रंगांची पेटी उघडून दिली. लाखो रंग, कुठलाही घे. मामाने अर्धा तास सगळीकडे फिरून शेवटी निवडला तो जांभळा. शिक्क्याच्या शाईचा. मी कपाळावर हात मारला. ''मामा, अरे गुलाबी घे, हिरवा घे, सोनेरी घे!'' तर म्हणे, ''नाव जांभळंच असतं. बाकीचं काय ते रंगीत कर.'' मग नावाभोवती त्याने लोकरीची वेल काढली. एका कोपऱ्यातल्या गुंड्यातून धागा निघतो, चारही बाजूंनी वळणं घेत फिरतो आणि शेवटी दोन सुयांवर येऊन थांबतो. सुयांवर टाके होते अकरा. मी मोजले. खरे टाके, मामी घालते तसे. एकेचाळीस वर्षं हा माणूस रस्त्याकडे बघत बसला होता असं आम्हाला वाटत होतं.

बुधवारी त्याला आणखी एक बटण सापडलं. चित्र आडवं पलटवायचं. दाबलं, अख्खी नावपट्टी उलटी झाली. पुन्हा दाबलं, सरळ. मामाने ते वीस-पंचवीस वेळा दाबलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाला, ''एवढंसं बटण. यासाठी मी पाच वर्षं उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या.'' मला वाईट वाटलं. मी त्याला चहात जास्तीची साखर घालून दिली.

गुरुवारी नावपट्टी झाली. खोटं कशाला बोलू, माझ्या सगळ्या कामात इतकं देखणं काम मी केलेलं नाही. मी ती त्याच्या घरच्या लॅपटॉपवर टाकून दिली, व्हिडिओत पाठीमागे कशी लावायची ते तोंडी सांगितलं आणि बजावलं, ''आता हिला हात लावायचा नाही.'' मामा म्हणाला, ''मी कशाला लावतोय?''

शनिवारी अकराला पाच कमी असताना मी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर वर्गाला बसले. मामीचा हुकूमच होता. एकतीस चौकोन भरले. त्यात एक निवृत्त पोस्टमन होते, डोक्याला कानटोपी घालून, हातात सुया भाल्यासारख्या धरून. बेकरीवालीबाई होती, दोन कॉलेजच्या मुली होत्या. अकरा वाजले आणि मधल्या चौकोनात मामी आली. नवी साडी, कपाळावर घामाचा एक थेंब. आणि तिच्या मागे नावपट्टी.

उलटी.

लोकरीचा गुंडा उजवीकडचा डावीकडे, आणि ती देखणी चार जांभळी अक्षरं आरशातल्यासारखी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मामाला फोन लावला, बंद. मामीचा लावला, बंद. वर्गात आवाज नको म्हणून मामाने घरातले झाडून सगळे फोन बंद करून ठेवले होते. तो स्वतः कॅमेऱ्याला दिसणार नाही असा मामीच्या शेजारी स्टुलावर बसलेला, हे मला माहीत होतं, कारण मधूनच त्याचं कोपर चौकोनात यायचं.

मामी खाकरली. ''नमस्कार. माझं नाव मी काही सांगत नाही,'' ती म्हणाली आणि मोठ्या ऐटीत बोट मागे केलं. ''मागे लिहिलंय. वाचा सगळ्यांनी.''

एकतीस माणसं पडद्याकडे वाकली. मी टेबलाखाली चप्पल आपटत होते. बोलावं तर सगळ्यांसमोर तिचा पचका, न बोलावं तर तासभर हेच. तेवढ्यात पोस्टमनकाका उठले आणि चौकोनातून निघून गेले. परत आले ते दाढीचा आरसा घेऊन. पडद्याकडे पाठ करून बसले आणि आरसा डोळ्यांसमोर धरून खांद्यावरून मागचं बघायला लागले. ते बघून बेकरीवालीबाई उठली. मग एक मुलगी. मग दुसरी. पाच मिनिटांत निम्म्या वर्गाने मामीकडे पाठ फिरवली.

''अहो, काय झालं?'' मामीचा आवाज कापला. ''सगळे पाठ का फिरवताय? मी अजून काही शिकवलंसुद्धा नाही!''

''थांबा ताई, वाचतोय,'' पोस्टमनकाका म्हणाले. त्यांनी एकेक अक्षर लावत मामीचं नाव मोठ्याने वाचलं. ''वा! छान नाव आहे. अक्षर तर त्याहून सुरेख. फक्त उलटं आलंय.''

चौकोनातलं कोपर एकदम दिसेनासं झालं. मामीने बाजूला बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. आणि हसली. ''आमच्याकडे शिक्के करतात,'' ती म्हणाली. वर्ग असा काही हसला की बेकरीवालीच्या सुया खाली पडल्या. मग मामीने टाके घालायला शिकवलं, आणि काय शिकवलं! तास संपला तरी कुणी उठेना.

मी स्टुडिओला टाळं लावलं आणि तरातरा मामाकडे गेले. भांडायच्या पूर्ण तयारीने. मामा टेबलाशी बसला होता. पुढ्यात जेवणाचं ताट तसंच.

''हात लावू नको म्हटलं होतं ना?''

''शुक्रवारी लावून बघितली,'' तो म्हणाला. ''पडद्यावर उलटी दिसत होती गं. मला वाटलं, शिक्क्यासारखंच असणार. म्हणून ते बटण दाबलं. मग आमच्या पडद्यावर अगदी सरळ दिसली.'' त्याने चष्मा काढला. ''सगळ्या गावाची नावं सरळ उमटवली मी. हिचं एकच करायचं होतं. एकेचाळीस वर्षांनी केलं आणि तेही असं.''

त्याचे डोळे भरले होते. भांडण सोडून मी स्टूल ओढून बसले आणि त्याला समजावून सांगितलं: आपल्या पडद्यावर आपण स्वतःला आरशातल्यासारखे दिसतो. समोरच्यांना सगळं सरळच जातं. म्हणजे नावपट्टी सरळ ठेवली की लोकांना सरळ दिसणार आणि फक्त मामीला उलटी.

मामाने चष्मा पुन्हा चढवला. ''म्हणजे तिला स्वतःला ती कधीच सरळ दिसणार नाही?''

तो आरसा बंद करायची सोय असते. मी ती करून दिली. पण मग पडद्यात मामीचा हात भलत्याच बाजूला जायला लागला, ती बघून बघून टाके चुकायला लागली आणि वैतागून म्हणाली, ''आधी होतं तसं कर बाई.'' मामा अपराध्यासारखा उभा. तिने त्याच्याकडे बघितलं. ''लोकांना सरळ दिसू दे,'' ती म्हणाली. ''माझं नाव मला माहीत आहे. आणि तुम्ही आता जेवून घ्या.''

त्या आठवड्यात बरंच काही घडलं. पोस्टमनकाकांनी सगळ्या गावाला आरशाची गोष्ट सांगितली. बाजारात मामीला तीन अनोळखी बायकांनी नावाने हाक मारली. मामीने तोंडाने 'इश्श, काय हे' म्हटलं, पण नंतर दोनदा विनाकारण बाजारात जाऊन आली. दुकानात मात्र मामा सुऱ्यांना धार लावायचा आणि रस्त्याऐवजी मागच्या खोलीच्या दाराकडे बघत बसायचा.

दुसऱ्या शनिवारी मी स्टुडिओत न बसता मामाकडेच गेले. म्हटलं, पुन्हा काही उद्योग नकोत. नावपट्टी मी स्वतः तपासली. सरळ होती. अकराला दोन मिनिटं असताना चौकोन भरायला लागले. पोस्टमनकाकांनी लांबूनच हात वर करून 'आज मस्त' अशी खूण केली. मामा त्याच्या स्टुलावर, मी दाराशी.

मामीने चष्मा नाकावर खाली ओढला आणि आपल्याच चौकोनाकडे वाकून बघितलं. मान तिरकी केली. डोळे बारीक केले. ''एवढं सुंदर काढलंय,'' ती पुटपुटली, ''आणि माझं मलाच लागत नाहीये काय लिहिलंय ते.''

''मला लागतं,'' मामा म्हणाला.

तो स्टुलावरून पुढे झुकला. त्या उलट्या जांभळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि उलटं ओठ न हलवता वाचायचा त्याचा सराव असूनही, त्याने ती चार अक्षरं मोठ्याने वाचली. नुसतं नाव. मागे 'अगं' नाही, पुढे काही नाही.

मग लॅपटॉपमधून पोस्टमनकाकांचा आवाज आला, ''ऐकू आलं बरं का शिक्केवाले!'' माईक सुरू होता. एकतीस घरांत ते नाव गेलं होतं. मामा जागच्या जागी ओशाळला.

मामीने मान वर केली नाही. कान मात्र लोकरीच्या लाल गुंड्यासारखे झाले होते. तिने सुया हातात घेतल्या, धागा बोटाला गुंडाळला, पहिला टाका घातला. आणि मग, एकेचाळीस वर्षांनी, ''ओ,'' म्हणाली.